जुना रुपया ग्रेडिंगला पाठवायचा की नाही, हे घरीच कसे ठरवाल

आजीच्या पेटीतून चांदीचे रुपये निघाले, तर त्यात पंचम जॉर्जचे १९१८, १९१९ आणि १९२० या सालांचे रुपये हमखास असतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली. इथल्या टाकसाळींनी त्यातून रुपये पाडले ते ढिगाने. म्हणून हा रुपया शंभर वर्षांचा असला तरी दुर्मिळ नाही. नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत तो मोडीच्या भावाने घेतात, आणि साधारण झिजलेल्या रुपयासाठी तो भाव बरोबरच असतो.

तरी याच रुपयाचे एखादे नग लिलावात मोडीच्या कितीतरी पट जाते, आणि ते बहुधा प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असते. ती डबी म्हणजे स्लॅब. अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या दोन कंपन्यांचे स्लॅब सर्वांत जास्त चालतात. त्या नाणे खरे आहे का ते तपासतात, १ ते ७० मध्ये दर्जा देतात (हेच ग्रेडिंग) आणि कधीच चलनात न फिरलेल्या नाण्याला ६० किंवा त्यावरचा आकडा देतात. ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी बनवली होती.

मोह होतो तो इथेच: डबीत घातले की भाव वाढेल. पण भाव नाण्याचा असतो, डबी फक्त तो दाखवते. सामान्य नाण्याची फी बहुतेक वेळा वसूल होत नाही. कुठले वसूल करील हे एक दिवा, एक वजनकाटा, एक भिंग आणि अर्धा तास हिशेब यांवर घरीच कळते.

सगळ्यात आधी साल पाहा

दर्जाचा विचार नंतर. भारतात १०० वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली पुरावशेष ठरते, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मनाई आहे. ‘विकायचे नाही, फक्त तपासायला पाठवतो आणि परत मागवतो’ असे म्हणून चालत नाही. कुरियरच्या पाकिटात टाकून अमेरिकेला पाठवलेला राणीछाप रुपया कस्टममध्ये अडकला, तर नाणे जातेच आणि चौकशी मागे लागते.

या एका नियमात किती नाणी येतात ते बघा. ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ आणि १८४० चे रुपये, १८६२ पासूनचे सगळे राणीछाप, सातव्या एडवर्डचे १९०३ ते १९१० चे, आणि पंचम जॉर्जचे सगळे चलनी रुपये, कारण ते १९२२ लाच थांबले. चांदीच्या जुन्या रुपयांत नियमाबाहेर राहतात ते फक्त षष्ठ जॉर्जचे, १९३८ पासूनचे. म्हणून जुन्या रुपयाबाबत, नाणी ग्रेडिंगला पाठवून देणाऱ्या डीलरला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. विचारा की नाणे तपासले कुठे जाणार. ते देशाबाहेर न नेता तपासणारी सेवा असेल तरच पुढे बोला, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

हे घरातल्या नाण्यांचे झाले. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत हंडा सापडला, तर मामला वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असे पुरलेले धन १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ती नाणी कुठेच पाठवायची नसतात.

वजन, माप, चुंबक

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने उड्या मारतो, तो कामाचा नाही. चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२. हातोहात फिरून झिजलेला रुपया ११.४ पर्यंत उतरतो आणि ते साहजिक आहे. पण नवा कोरा दिसणारा रुपया ११.२ किंवा ११.९ भरला तर संशय घ्या. कोऱ्या नाण्याला वजन कमी असण्याचे कारणच नसते. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास हवा. कडेवरचे दाते सगळीकडे सारखे हवेत. साच्यात ओतलेल्या नकली रुपयाच्या कडेला बहुधा जोडाची बारीक रेघ सापडते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात.

चुंबकाला चांदी चिकटत नाही. पण १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटायलाच हवा. तो चिकटला म्हणून खोटा समजून टाकून देऊ नका.

धातूची किंमत आताच काढून ठेवा, पुढे हिशेबाला लागेल. १९२२ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे कोऱ्या रुपयात १०.६९ ग्रॅम. षष्ठ जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम, उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. दिसायला दोन्ही ‘चांदीचा रुपया’च, पण सराफाकडे भाव जवळपास निम्मा. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या १० रुपयांच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी.

नाणे बाद करणाऱ्या खुणा

जास्त वेळ इथे द्या. पाठवलेल्या नाण्यांचे पैसे बुडतात ते बहुतेक याच पायरीवर. ग्रेडिंग कंपनीला नाणे घासलेले, कोरलेले, झाळलेले किंवा रसायनाने उजळलेले वाटले, तर ती आकडा देत नाही. ‘डिटेल्स’ असे लिहून दोष नोंदवते. नाणे खरे असल्याची खात्री मिळते, पण असे सामान्य नाणे पुष्कळदा बिनडबीच्या नाण्यापेक्षाही स्वस्त जाते, कारण दोष आता छापील झाला. फी मात्र पूर्ण लागते.

आपल्याकडचे चांदीचे रुपये कसे राहिले ते आठवा. धनत्रयोदशीला, लक्ष्मीपूजनाला ताटात मांडले, पंचामृताने धुतले, हळदकुंकू वाहिले आणि मग ‘काळे पडलेत’ म्हणून घासले. कुणी चिंचेने, कुणी रांगोळीने, कुणी राखेने, कुणी टूथपेस्टने. घासणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण चांदी मऊ असते. रांगोळीचा एकच हात फिरला तरी पृष्ठभागावर केसाएवढ्या रेघा उठतात आणि त्या कायमच्या राहतात.

पूजेतला रुपया ओळखायचा तो असा. भिंगाखाली राजाच्या डोक्यामागची मोकळी जागा पाहा. नाणे हळूहळू गोल फिरवा. बारीक रेघा एकाच दिशेने, घोळक्याने धावताना दिसतात. उजेडाचा कोन बदलला की लपतात, पुन्हा उमटतात. मग अक्षरांच्या खोबणी पाहा. मोकळी जागा पांढरीफटक आणि अक्षरांच्या पायाशी काळी किंवा तांबूस रेघ असेल, तर वरचे घासले गेले आणि खालचे राहिले. तांबूस रेघ हे बहुधा कुंकू. मुकुटाच्या मण्यांमध्ये पिवळट ठिपके म्हणजे हळद. अशा रुपयाला देव्हाऱ्यात मान आहे. ग्रेडिंगला तो पाठवू नये.

दुसरी नेहमीची खूण दागिन्याची. रुपयांचे हार, गळ्यातल्या माळा, कमरेच्या साखळ्या यांसाठी सोनार नाण्याच्या माथ्यावर कडी झाळत असे. कडी नंतर काढली तरी तिथले दाते भरलेले किंवा कानशीने घासलेले राहतात. नाणे उभे धरून कड पूर्ण फिरवा, घड्याळातल्या बाराच्या जागी जास्त निरखा. काही रुपयांना कडी नसते, भोक पाडून नंतर बुजवलेले असते. तिथे रंग किंचित वेगळा पडतो. तिसरी खूण सराफाची: चांदी पारखताना मारलेला छोटा छाप किंवा कडेवर कानशीचा घाव. इतिहास म्हणून तो रंजक, पण दर्जाचा आकडा मिळवायला अडथळा.

तांब्याच्या पैशांत आणखी एक भानगड. १९४३ ते १९४७ चे भोकाचे पैसे किंवा त्याआधीचे पाव आणे नव्या तांब्यासारखे लालभडक दिसले की हुरळून जाऊ नका. कंपन्या तांब्याला तपकिरी, लाल-तपकिरी आणि लाल असे तीन शेरे देतात आणि लालला भाव असतो. पण टाकसाळीतून आलेला लाल रंग रेशमासारखा झळकतो. लिंबाने किंवा चिंचेने आणलेला लाल रंग गुलाबीसर, सपाट आणि मेलेला असतो.

काळा पडलेला रुपया मात्र दोषी नाही. वर्षानुवर्षे कापडात बांधून राहिलेल्या चांदीवर करडी, निळसर, सोनेरी झाक येते. ती नैसर्गिक असेल तर संग्राहकाला आवडते. तिला हात लावू नका. पाठवण्याआधी ‘थोडा उजळून घेऊ’ हा विचार मनातून काढा.

साफ करायचे तर फक्त एकच गोष्ट, तीही चांदी किंवा निकेलवरच: पीव्हीसीचा हिरवट, चिकट थर. स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त अल्बममधले मऊ प्लास्टिक उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर गेला की घाम सोडते आणि तो थर नाण्यावर बसतो. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणे १०-१५ मिनिटे बुडवून ठेवा, नव्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळा आणि न पुसता वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात तेल आणि सुगंध असतो. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून गॅस आणि देवाजवळचा दिवा दोन्हींपासून दूर, खिडकी उघडी ठेवून.

दिव्याखाली दर्जा

खुणांमधून नाणे पार पडले तर रात्री बसा. ट्यूबलाइट बंद, एकच टेबल लॅम्प, टेबलावर जाड मऊ कापड. नाणे कडेने धरा, दिव्यापासून हातभर अंतरावर. भिंग नंतर, आधी नुसत्या डोळ्यांनी.

नाणे थोडे तिरपे करून फिरवा. चलनात न फिरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मधल्या बिंदूभोवती सायकलच्या आऱ्यांसारखे फिरतात. हे टाकसाळीचे तेज. छाप मारताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे ते येते. एकदा मोडले की कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. पॉलिशची चमक आरशासारखी एकसारखी असते, ती फिरत नाही. हा फरक ओळखायला डोळा बसवावा लागतो. सोपा उपाय: बँकेतून आलेले आजचे कोरे नाणे आणि खिशातले जुने नाणे शेजारी धरून चार रात्री पाहा.

मग उंचवटे. झीज तिथूनच सुरू होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर कान, मुकुटावरचे मणी आणि छातीवरच्या झग्यातला छोटा हत्ती पाहा. हत्तीची सोंड आणि पाय वेगळे दिसत असतील तर नाणे चांगल्या दर्जाचे. हत्ती नुसता गोळा झाला असेल तर आकड्याची आशा सोडा. राणीछापवर गाल, कपाळावरचे केस आणि पोलक्यावरची नक्षी. एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस. मागच्या बाजूला वेलीतली फुले.

उंचवटा सपाट दिसला म्हणून लगेच झीज म्हणू नका, छापच हलका पडलेला असू शकतो. कसोटी तेजाची. सपाट भागावरूनही उजेडाचा पट्टा सलग जात असेल तर छाप हलका, नाणे कोरेच. पट्टा तिथे तुटून करडा डाग दिसत असेल तर ती झीज, आणि नाणे ५८ च्या वर जाणार नाही. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. ५८ चे नाणे साध्या डोळ्यांना कोरे वाटते.

शेवटी भिंग, ५ ते ७ पटीचे. २० पटीखाली प्रत्येक नाणे खराब दिसते. राजाच्या गालावर आणि समोरच्या मोकळ्या जागेत पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले टोचे मोजा. गाल स्वच्छ असेल तर ६४-६५ ची आशा. गालावर तीन-चार ठळक टोचे असतील तर ६१-६२ धरा. आपल्या नाण्याला एक पायरी खालचाच आकडा द्या. मालकाचे डोळे नेहमी उदार असतात.

हिशेब

आता भाव. ऑनलाइन जाहिरातीतला मागितलेला भाव हा भाव नव्हे. लिलावात हातोडा पडला तो भाव धरा, त्याच सालाच्या, त्याच टाकसाळीच्या, त्याच दर्जाच्या नाण्याचा, निदान तीन विक्रींचा. टाकसाळ महत्त्वाची: पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागे खालच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. आजच्या नाण्यांत सालाखाली टिंब नोएडाचे, तारा हैदराबादचा, चौकट मुंबईची, आणि कोलकात्याची खूणच नाही. एनजीसी आणि पीसीजीएस दोघीही आपण कुठल्या नाण्याला कुठला आकडा किती वेळा दिला याची मोजदाद संकेतस्थळावर ठेवतात. तुमच्या सालाला ६४ आकडा शेकड्याने मिळालेला असेल, तर आणखी एकाला कुणी जास्त पैसे मोजणार नाही.

खर्च पूर्ण लिहा: तपासणी फी, डीलरची हाताळणी, दोन्ही बाजूंचे विमा पोस्ट, परदेशी असेल तर कस्टमची कागदपत्रे, आणि विकताना लिलावाचे कमिशन. शेवटचे दोन बहुतेक जण विसरतात.

समजण्यासाठी काही आकडे धरू. नाणे आज जसेच्या तसे १,५०० रुपयांना जाते, ग्रेडिंगचा एकूण खर्च ३,५००. स्लॅबमध्ये डिटेल्स आला तर १,२००, ५८ आला तर २,२००, ६२ आला तर ४,०००, ६४ आला तर १२,०००. दिव्याखाली पाहून तुम्ही शक्यता लावल्या: डिटेल्स २० टक्के, ५८ चे ४०, ६२ चे ३०, ६४ चे १०. प्रत्येक भाव त्याच्या टक्क्याने गुणून बेरीज करा: २४० + ८८० + १,२०० + १,२०० = ३,५२०. खर्च वजा जाता हातात २० रुपये, आणि न पाठवता १,५०० मिळत होते. १२,००० चा आकडा डोळ्यांसमोर नाचतो, पण तो दहातून एकदाच येतो.

आता तेच नाणे खरोखर स्वच्छ गालाचे, शक्यता १०, ३०, ३५ आणि २५. बेरीज ५,१८०, खर्च वजा जाता १,६८०. जेमतेम पुढे, आणि लिलावाचे कमिशन गेले की पुन्हा मागे. म्हणजे चांगले नाणे असूनही पाठवणे तोट्याचे. वरच्या दोन दर्जांमधली उडी खर्चाच्या कितीतरी पट असेल आणि तिची शक्यता निदान तीनात एक असेल, तरच सामान्य नाणे पाठवा.

या हिशेबाला अपवाद आहेत, कारण तिथे पैसे दर्जाला नाही, खरेपणाला मिळतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया: झग्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी छाप बदलावा लागला. १९३९ चा षष्ठ जॉर्जचा रुपया: फार थोडे सापडतात आणि नकली मात्र भरपूर. ही साले हातात आली तर झिजलेली असली तरी तपासून घेण्यात अर्थ आहे. १९३९ चा रुपया अजून शंभरीत गेलेला नाही. १९११ चा गेला आहे, त्याला वरचा कायदा लागू.

भोसल्यांच्या टाकसाळीचा हाताने ठोकलेला नागपुरी रुपया या मोजपट्टीत बसवू नये. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. त्याचा भाव किती मजकूर वाचता येतो यावर ठरतो, ५५ की ५८ यावर नाही. त्यासाठी नाणेशास्त्र जाणणाऱ्याला दाखवा.

आणि वैष्णोदेवीचे ५ किंवा १० रुपयांचे नाणे, ट्रॅक्टरची नोट, ‘लाखोंना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन आले तर ठेवून द्या. वैष्णोदेवीची नाणी २०१२ मध्ये चलनासाठी भरपूर निघाली आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्री करण्याशी तिचा संबंध नाही आणि तिच्या नावाने फी घेण्याचा अधिकार कुणाला दिलेला नाही.

पाठवायचे ठरले किंवा नाही, तरी

पाठवणार असाल तर नाणे मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कडक पाकिटात घाला. पिना मारून बंद केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत असेल तर आधी चारही पिना पूर्ण काढा, मगच नाणे बाहेर घ्या. अर्धवट उघडलेल्या पिनेने एका झटक्यात पडलेला ओरखडा हा नवाच ‘डिटेल्स’. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा आणि वजन लिहून ठेवा.

न पाठवलेली नाणीही मायलरमध्येच ठेवा, प्रत्येक वेगळे, साल आणि वजन लिहिलेल्या चिठ्ठीसह. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला ती बदला. डबा कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत आणि गच्चीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. एकीकडे ओल, दुसरीकडे भाजणारी उष्णता. धनत्रयोदशीला पूजेसाठी दोन झिजलेले रुपये वेगळे काढून ठेवा, म्हणजे कोऱ्या रुपयाला हळदीचा हात लागणार नाही.